जांभळा क्रँक चंदेरी करायचाय

प्रश्न : मी फोंड्याला राहतो. सेकंड हँड रोड बाईक घेतलीय, तिचा क्रँक (पेडल बसतं तो दांडा) आणि सीटपोस्ट (सीटखालची नळी) जांभळा अ‍ॅनोडाइज्ड होता, आता उन्हाने रंग उडून मळकट गुलाबी झालाय. मला साधा चंदेरी हवा. दोन संध्याकाळी पॉलिश पेपर घासला, नुसते चट्टे पडले. एकजण म्हणाला ड्रेनेज साफ करायची पावडर पाण्यात टाक, निघेल. टाकू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : घासून चट्टेच पडणार, कारण हा पेंट नाहीच, अ‍ॅनोडायझिंग आहे. अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिडच्या बाथमध्ये ठेवून त्यातून करंट सोडतात, तेव्हा त्याच्याच पृष्ठभागाचा ऑक्साइड बनतो, त्यातल्या बारीक छिद्रांत रंग भरून वरून सील करतात. आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे तेच, ज्याचे दाणे बऱ्याच पॉलिश पेपरवर चिकटवलेले असतात. सजावटीचा थर साधारण 5 ते 25 मायक्रॉनचाच असतो, पण चांगलाच कडक.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या पावडरीत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो आणि थर काढतो तो कॉस्टिकच, पण तयार पावडरीत आणखी काय काय मिसळलेलं असतं म्हणून मी साधा कॉस्टिक सोडाच घ्या म्हणेन. 2 लिटर थंड पाणी, 100 ग्रॅम सोडा, प्लास्टिकची बादली (अ‍ॅल्युमिनियमचा टोप अजिबात नको, टोपच खाल्ला जाईल). आधी पाणी, मग सोडा थोडा थोडा, उलटं कधीच नाही, कारण विरघळताना तो भरपूर तापतो आणि उसळून तोंडावर येऊ शकतो. पाणी गार होईपर्यंत थांबा. रबरी हातमोजे, डोळ्याला बंद गॉगल, पूर्ण बाह्या, आणि काम मागच्या अंगणात, कारण हायड्रोजन निघतो, जवळ चूल किंवा सिगारेट नको. मुलं-कुत्री घरात. डोळ्यात थेंब गेलाच तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवत राहायचं आणि तसंच दवाखान्यात, व्हिनेगर वगैरे डोळ्याला लावायचं नाही.

क्रँकमधून चेनरिंग (चेन फिरते ते दातेरी चाक), स्टीलचे बोल्ट, पेडल सगळं काढा, ग्रीस साबणाने पूर्ण घालवा, आणि पेडलच्या आट्यांत मेणबत्तीचं मेण भरा. हे मी तळमळीने सांगतोय. माझा एक चांगला क्रँक मी फोन आला म्हणून बादलीत अर्धा तास विसरलो, आटे इतके खाल्ले गेले की पेडल घट्ट बसेना, शेवटी क्रँक टाकून द्यावा लागला.

दर दोन मिनिटांनी बाहेर काढून धुवून बघा. रंग आधी जातो, मग बुडबुडे एकदम जोरात यायला लागतात, म्हणजे ऑक्साइड संपला आणि सोडा आता उघडा धातू खातोय. तिथेच थांबायचं. पार्टवर काळपट राख बसलेली दिसेल, ती मिश्रधातूतल्या तांबं-सिलिकॉनची, घाबरू नका, नायलॉनच्या घासणीने बरीचशी निघते आणि उरलेली पॉलिशमध्ये जाते. कारखान्यात तिला नायट्रिक अ‍ॅसिड लावतात, ते घरी आणू नका. पाण्याने खूप धुतल्यावर वस्तूवर थोडं व्हिनेगर फिरवा, आपल्याकडे माडाचं व्हिनेगर घरात असतंच. बादलीतलं पाणी आणखी भरपूर पाणी घालून ओतून द्या, विहिरीजवळ आणि झाडांच्या मुळाशी नाही.

मग वॉटर पेपर 400, 600, 800, 1000 असा चढत जा आणि शेवटी मेटल पॉलिश. सोड्याने खडबडीत झालेला पृष्ठभाग गुळगुळीत करणं दिसण्यापुरतं नाही, खड्डे राहिले तर जोर पडणाऱ्या पार्टला तिथूनच तडा जायला सुरुवात होते.

आता जरा थांबून विचार करा. हा थर शोभेसाठी जन्माला आला नाही, 1923 मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला तो सीप्लेनचे (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे) ड्युरॅल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग समुद्राच्या पाण्यात गंजू नयेत म्हणून. आणि आपण राहतो कुठे? फोंड्याला निदान आत आहात, पण मिरामार-कळंगुटला सायकल नेलीत की खाऱ्या वाऱ्यातलं मीठ उघड्या अ‍ॅल्युमिनियमला टोचून पांढरी पूड आणि बारीक खड्डे पाडतंच. पॉलिशनंतर मेण लावा, पावसात दर पंधरवड्याला परत लावा, समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, आणि सीटपोस्टला फ्रेममध्ये बसणाऱ्या भागावर ग्रीस द्या नाहीतर स्टीलच्या फ्रेममध्ये तो असा चिकटेल की कापून काढावा लागेल. एवढं करायची तयारी नसेल तर चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर एखाद्या अ‍ॅनोडायझिंग करणाऱ्या वर्कशॉपला विचारा, ते जुना थर काढून नवा रंगहीन थर देतील.

प्रश्न : मग हँडलबार आणि सस्पेन्शन फोर्कच्या नळ्या पण याच बादलीत चालतील ना?
– वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. हँडलबारची भिंत पातळ असते आणि तो तुटला तर तुम्ही तोंडावर पडता. फोर्कच्या ज्या नळ्या सीलमधून सरकतात त्यांचा थर झीज थांबवण्यासाठी असतो, तो गेला की नळीवर ओरखडे, सील फाटणार आणि तेल गळणार. कार्बनचा कुठलाही पार्ट तर सोड्याजवळसुद्धा नेऊ नका. उरलेला सोडा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, आपल्या दमट हवेत तो पाणी ओढून चिकट होतो, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा, तो मिठासारखाच दिसतो.