सदाशिव पेठेतल्या नूतनीकरण केलेल्या वाड्यात भाड्याने राहावं का?

तुम्ही लिहिलंय की सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात पहिल्या मजल्यावरच्या नव्याने दुरुस्त केलेल्या दोन खोल्या मिळताहेत, आई सोबत राहणार आहेत आणि फोटो बघून जागा पसंत पडली आहे. मी नारायण पेठेत अशाच जागेत चार वर्षं राहिलो. घ्या असंच म्हणेन, पण फोटोवर विसंबू नका. दोन-तीन दिवस सलग पाऊस झाला की मग बघायला जा.

जुन्या वाड्याचा सांगाडा लाकडी खांब-तुळयांचा आणि भिंती माती-चुन्यात बांधलेल्या विटांच्या. अशी भिंत ओल धरते आणि हवेवर वाळते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून प्लास्टिक पेंट लावला की ओल आत कोंडते, आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजायला लागतं. आम्ही मार्चमध्ये गेलो तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. जुलै संपेपर्यंत कपाटामागे रंगाला फुगे आले, कपड्यांना कुबट वास येऊ लागला. मालक म्हणाले, कपाट भिंतीला चिकटवलंत म्हणून झालं. सोडताना रंगकामाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले. त्याचा राग मला अजून येतो.

म्हणून भिंत बोटांनी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. खांबाच्या तळाशी वाळवीची मातकट रेघ दिसते का पाहा. फॉल्स सीलिंग असेल तर एक कोपरा उघडून वरचं छत दाखवायला सांगा. मालक टाळाटाळ करू लागले तर जागा सोडून द्या. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले, उरलेल्यांपैकी अनेकांच्या पायापर्यंत पाणी पोचलं होतं. आजही पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या वाड्याला कधी आली होती का, हे खालच्या जुन्या भाडेकरूंना विचारा. ते मालकापेक्षा खरं सांगतील.

कराराबद्दल. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला’ हे तुम्हाला ऐकवलं जाईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. वाड्यात भाऊबंदांचे हिस्से असतात, म्हणून मालमत्ता पत्रकावर कोणाकोणाची नावं आहेत ते आधी बघा. ओलीची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे एक वाक्य करारात घालून घ्या. मी घातलं नव्हतं.

बाकी राहणं फार सुखाचं. जाड भिंतींमुळे एप्रिलातही दुपारी खोली गार असायची, आणि चौकातून येणारा तो सकाळचा उजेड मला नंतर कुठल्याच फ्लॅटमध्ये मिळाला नाही. भाजीला मंडई चालत. गणपतीत मात्र गाडी बाहेर निघत नाही आणि विसर्जनाच्या रात्री ढोलांमुळे झोप नाही. आईंना चालेल का ते विचारा.

आणि आईंना जागा दाखवायला न्याच. वाड्यांचे लाकडी जिने उभे असतात, पायऱ्या अरुंद. नूतनीकरणात खोल्या बदलतात, जिना सहसा तोच राहतो. त्यांना तो दोनदा चढून-उतरून बघू द्या, आणि होकार त्यांनी दिल्यावरच टोकन द्या.