रात्री आजीचा पदर लागतो, शिबिरात कशी राहील?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मे महिन्यात अंजनेरीच्या पायथ्याशी पाच दिवसांचं निवासी शिबिर आहे. वर्गातल्या दोघी जाताहेत म्हणून तिनंच हट्ट धरला, आम्ही पैसेही भरले. आता माझाच जीव वरखाली होतोय. ती रोज आजीचा पदर हातात धरून झोपते. केस कमरेपर्यंत, वेणी आजीच घालते. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा पोरीला कशाला धाडता?’ शिबिरात फोन चालत नाही. ‘रडू आलं तर सरांना सांग, मी तासाभरात न्यायला येते,’ असं मी तिला सांगितलंय. बरोबर केलं ना? की सिमवालं घड्याळ सॅकमध्ये लपवून देऊ?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ते तासाभराचं वचन आधी मागे घ्या. त्यानं तिला धीर येणार नाही. रोज रात्री ती एकच हिशोब करत बसेल, आज रडू की उद्या. त्यापेक्षा खरं काय ते सांगा : घरची आठवण येणार, रात्रीची जेवणं झाली की येणार, आणि आली की ताईंजवळ जाऊन बसायचं.

शाळेत होते तेव्हा मी मुलींना घेऊन शिबिरांना जायचे. त्र्यंबकला, कळसूबाईखाली बारीला. दिवसा एकीलाही आई आठवत नसे. अंथरुणं घातली की एक मुसमुसायला लागायची आणि पाच मिनिटांत अख्खी खोली सुरू! बहुतेकींचं एक-दोन रात्रींत ओसरतं. पण पोरगी जेवेना, झोपेना, तर आयोजकांनी तुम्हाला फोन करायलाच हवा. तो कधी करणार, हे आत्ताच विचारून ठेवा. घड्याळ नको. लपवून दिलंत की ‘इथल्या मोठ्यांवर आईचा भरवसा नाही’ एवढंच ती शिकेल.

आता केस. तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या मते खरी अडचण तिथंच आहे. सकाळी सहाला शिट्टी होते, तिथं वेणी घालून द्यायला कुणाला वेळ नसतो आणि विस्कटल्या केसांची मुलगी दिवसभर कानकोंडी होते. कापू नका, तिची इच्छा नसेल तर मुळीच नाही. आजपासून रोज तिचं तिला विंचरू द्या. नीट वेणी जमली नाही तरी घट्ट पोनी जमेल. शिकवायचं काम सासूबाईंकडेच सोपवा, त्यांचा विरोधही थोडा निवळेल. (परत आल्यावर बारीक दातांची फणी फिरवायची हे धरूनच चाला. उवांना शिबिर फार आवडतं.)

तशीच दुसरी, कुणी न बोलणारी गोष्ट : संडास. घरी कमोड असेल आणि तिथं भारतीय पद्धतीचा, तर मुली दोन-दोन दिवस जातच नाहीत, मग पोट दुखतं आणि सगळ्यांना वाटतं घरची आठवण येतेय. आधी सवय करा. बादलीतल्या गार पाण्यानं एकटीनं अंघोळ, ओला टॉवेल वाळत घालणं, हेही. आत्या-मावशी कुणी नाशिकरोडला असेल तर दोन रात्री तिथं ठेवा, तुमच्याशिवाय आणि पदराशिवाय. रविवारी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढवा, शिबिरात न्यायचे तेच बूट घालून आणि पाण्याची बाटली तिच्याच पाठीवर देऊन. नवे बूट तिथं जाऊन चावायला नकोत.

सॅक तिनंच भरावी, तुम्ही फक्त बघा. सुती कपडे, टोपी, टॉर्च, पहाटेच्या गारव्याला चादर. वळवाची सर आली तर म्हणून कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. बूट घालण्याआधी झटकायचे, विंचू असू शकतो. कोंडाजी चिवड्याची पाकिटं नकोत, मुंग्या येतात आणि भांडणंही होतात. रोजची औषधं असतील तर डोस लिहून ताईंच्या हातात द्या, तिच्या सॅकमध्ये नाही.

आयोजकांना चार प्रश्न तोंडावर विचारा, संकोच नको. मुलींच्या खोलीत रात्री बाई कोण असते? रात्री गाडी आणि चालक तिथंच असतात का? (अंजनेरीहून नाशिक वीसेक किलोमीटर, पण रात्री दोनला गाडीच नसेल तर ते लांबच.) पाण्यात उतरवणार असाल तर जवळ कोण? आणि शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी कशी तपासलीत? उत्तर देताना कुणी चिडलं तर पैसे गेले तरी चालतील, पाठवू नका. मुलीलाही साध्या शब्दांत सांगा की अंगाला कुणी नको तसा हात लावला, किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हणालं, तर लगेच ओरडायचं, दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जायचं आणि घरी सांगायचंच. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिला पाठ असू द्या.

न्यायला वेळेवर जा. फाटकाशी शेवटी उरलेलं मूल पाच दिवसांची मजा तिथंच विसरतं. गाडीत प्रश्नांचा भडिमार नको, सातपूर यायच्या आत ती झोपलेली असेल. कपडे मात्र त्याच रात्री भिजत घाला, माती मुरली की निघत नाही.