पुलावर गेलं की ‘उडी मारली तर?’ असं मनात येतं

“पुलावर, गच्चीच्या कडेला, कड्यावर उभं राहिलं की मनात येतं, आत्ता उडी मारली तर? कडेवर पोर असेल तर त्याहून वाईट येतं. मला वेड लागायला लागलंय का?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न इतका उघड माझ्याकडे क्वचितच येतो. तो दुसऱ्या कुठल्या तरी तक्रारीच्या आडून येतो. कुणी चक्कर सांगतं, कुणी बीपी, कुणी नुसतंच ‘उंचीची भीती’ म्हणतं. मूळ वाक्य बाहेर पडायला वेळ लागतो, कारण ते वाक्य बोलणाऱ्यालाच सगळ्यात जास्त घाबरवतं. पुढची हकीकत त्या बाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

बाई पंचगंगेपलीकडच्या एका गावच्या, साठीला टेकलेल्या. मी त्यांना काकू म्हणते. घरी शेती, दोन म्हशी. मुलगा आणि सून अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात. दीड वर्षाचा नातू. ऑक्टोबरमध्ये काकू आणि त्यांच्या यजमानांनी तिकडे जायचं ठरलं होतं आणि सुनेने हौसेने एका रविवारचा बेतही आखला होता. हडसन नदीवर रेल्वेचा एक जुना पूल आहे, तो आता फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आहे. वाट सपाट, म्हणजे सासऱ्यांच्या गुडघ्याला त्रास नाही. बाबागाडी नेता येते. शिवाय त्या दिवसांत दोन्ही काठांची झाडं लाल-पिवळी झालेली असतात. सगळ्यांनी मिळून रमतगमत जाऊन यायचं. व्हिडिओ कॉलवर हे ऐकलं आणि काकू म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी घरात सैपाक करून ठेवते.”

मुलगा इंजिनिअर. त्याने आईची समजूत काढायला पुलाची कुंडलीच पाठवली. पूल १८८९ साली सुरू झाला, मालगाड्या पेलायच्या म्हणून पोलादी बांधणीचा. १९७४ मध्ये त्याच्यावर आग लागली, रेल्वे बंद पडली, पुढे पस्तीस वर्षं तो तसाच उभा होता. २००९ मध्ये वर काँक्रीटची फरशी टाकून, दोन्ही बाजूंना कठडे लावून लोकांसाठी खुला केला. लांबी साधारण दोन किलोमीटर, पाण्यापासून उंची २१२ फूट. यातलं काकूंच्या यजमानांनी ‘जळालेला पूल’ एवढंच ऐकलं आणि तेही बिथरले. त्यांची समजूत वेगळी काढावी लागली.

पोराचं प्रेम दिसतं यात, पण त्याने उत्तर दिलं ते आईने न विचारलेल्या प्रश्नाचं. हे घरोघरी होतं. माणूस घाबरतोय म्हटलं की आपण लगेच भीती कशी खोटी आहे ते पटवायला बसतो. भीती नेमकी कशाची, हे विचारायचं राहूनच जातं.

पहिल्या भेटीत यजमानच बोलत होते. “म्हशीच्या शिंगांला भीत न्हाई, आन् पुलाला भितीया.” एसटीत ही खिडकीला बसत नाही, मोटारसायकलवर शिवाजी पूल आला की माझ्या पाठीत तोंड खुपसते, असं सगळं. कारणही त्यांच्याकडे तयार होतं. २०१८ च्या जानेवारीत शिवाजी पुलावरून मिनी बस नदीत कोसळली आणि १३ जण गेले. तेव्हापासून हिने धसका घेतलाय, असं घरात सर्वांनी ठरवून टाकलं होतं. ऐकायला पटण्यासारखं. त्या अपघाताने कोल्हापूर हादरलं होतं, आणि नदीपलीकडच्या माणसांना त्याच पुलावरून रोज यायचं-जायचं होतं.

पण ते बोलत असताना काकू पर्सचा बंद मनगटाभोवती गुंडाळत होत्या. एक वेढा, दुसरा, मग सोडायचा, पुन्हा पहिला. यजमानांना मी खाली चहा घ्यायला पाठवलं आणि विचारलं, “काकू, तुम्ही त्या पुलाच्या मधोमध उभ्या आहात. आता काय होईल असं वाटतं?”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, “पूल पडंल असं न्हाई वाटत ओ. मीच...” बंद पुन्हा घट्ट झाला. “मीच त्या लेकराला खाली टाकीन, आन् मागनं उडी मारीन, असं वाटतंय. हे कुणाला सांगायचं? येड्यात काढतील. सून पोराला हात लावू दील का परत?”

पुढे कळलं की २०१८ चा याच्याशी फारसा संबंधच नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी पन्हाळ्यावर, गडाच्या कड्यावरच्या सज्जाकोठीत, हाच मुलगा कडेवर असताना, हा विचार पहिल्यांदा आला होता. काकू मुलाला नणंदेकडे देऊन खाली उतरल्या आणि तेव्हापासून घरचे पन्हाळ्याला निघाले की यांचं डोकं दुखायचं. मधली बरीच वर्षं तो विचार मागे पडला होता. नातू झाला, त्याला छातीशी धरायची वेळ जवळ आली आणि तो परत आला.

अशा वेळी मी एक प्रश्न सरळ विचारते, आडपडदा न ठेवता: “जगायचा कंटाळा आलाय का? मरून जावं असं वाटतं का?” या प्रश्नाने माणसाच्या डोक्यात नसतं ते घुसतं, अशी समजूत आहे, ती खरी नाही. विचारल्याने उलट मोकळं होता येतं. काकू तर माझ्यावर चिडल्याच. “मराय कशाला ओ? नातवाचं जावळ काढायचंय जोतिबाला. नवस बोललाय.” झोप, भूक, कामातला रस, पूर्वी कधी स्वतःला इजा करायचा प्रयत्न, घरात कुणाला तसा आजार, सगळं विचारून घेतलं. कुठे काही नव्हतं. कानाचा तोल, बीपी, थायरॉईड हेही त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. प्रत्येक चक्कर मनाचीच असते असं मानणारा समुपदेशक माझ्या मते धोकादायक.

मग त्यांना सांगितलं ते असं. उंच जागी ‘उडी मारली तर?’ हा विचार धडधाकट, सुखी माणसांनाही येतो. २०१२ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा आत्महत्येचा विचार आयुष्यात कधीही न केलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांनी ही ऊर्मी अनुभवल्याचं सांगितलं. त्यांचा तर्क असा, की कडेला गेल्यावर मेंदू क्षणात ‘मागे हो’ म्हणतो, आपण मागे सरतो, आणि मग मन त्याचा अर्थ लावत बसतं: मी मागे का सरले? मला उडी मारायची होती की काय? म्हणजे जीव वाचवायला दिलेल्या इशाऱ्यालाच आपण गुन्हा समजतो. हा तर्कच आहे, पण काकूंच्या अनुभवाला तो चपखल बसला.

पोराला टाकण्याचा विचारही याच जातीचा. बाळंतिणींना, आज्यांना, पहिल्यांदा बाप झालेल्यांना असे विचार येतात आणि ते त्यांना हादरवतात. त्या हादरण्यातच फरक आहे. जो विचार तुम्हाला घाम फोडतो, ज्याच्यापासून पळायला तुम्ही तीस वर्षं पन्हाळा टाळता, तो तुमची इच्छा नसतो. मात्र पळण्याने तो मोठा होतो. दर वेळी टाळलं की मनाची नोंद होते: टाळलं म्हणून पोरगं वाचलं.

काकूंनी ऐकलं, मान हलवली. समजलं आणि भीती गेली, असं मात्र होत नसतं. भीती समजावून जात नाही, तिच्यात उभं राहून तिला ओसरताना बघावं लागतं.

हे मोजायचं कसं? मी सहसा शून्य ते दहा विचारते. काकूंना ते जमेना. शेवटी त्याच म्हणाल्या, “बंधाऱ्यावरच्या पाण्यागत सांगू का?” पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका, पावसाळ्यात आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही हे आकडे पाठ असतात. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, तेव्हा काकूंनी म्हशी सोडवून घर सोडलं होतं. आमचं माप ठरलं. मलाही हेच जास्त आवडलं. दहापैकी सात म्हणजे किती हे कुणालाच नीट कळत नाही, ४१ म्हणजे किती हे कोल्हापुरात सगळ्यांना कळतं.

सुरुवात माझ्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. कठड्याजवळ उभं राहायचं, डोळे उघडे, पर्स आत. विचार आला की ढकलायचा नाही, देवाचं नाव घेऊन पुसायचा नाही, ‘आला’ एवढंच म्हणायचं. देवाच्या नावावर काकू अडल्या. भक्तीला माझी ना नाही, पण ‘चांगभलं म्हटलं म्हणून पोरगं वाचलं’ असा हिशोब एकदा बसला, की पुढच्या खेपेला म्हणायचं राहिलं तर? ती नवी भीती. नाव देवळात घ्या, संध्याकाळी घ्या, पुलावर भीती मारायला वापरू नका, असं सांगितलं. हे त्यांना पूर्ण पटलं नाही, पण त्यांनी करून पाहिलं.

पहिल्या दिवशी पाणी ४४ वर गेलं. मी काही समजावलं नाही, हात धरला नाही. नुसत्या उभ्या होतो. खाली एक रिक्षावाला सीटवर फडकं मारत होता, काकू त्याच्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “चाळीसवर आलं बघा.”

मग शिवाजी पूल. पर्यायी पूल २०१९ मध्ये झाल्यापासून जुन्या दगडी कमानींच्या पुलाकडे निवांत बघता येतं. आधी घाटावरून, पुढे कठड्याला हात लावून. त्यानंतर भाचीचं लहान मूल कडेवर घेऊन पन्हाळा, तीच सज्जाकोठी. इथे यजमानांची कसोटी होती. ते सारखे म्हणायचे, “दे त्याला हिकडं.” प्रेमानेच. पण त्यांनी मूल घेतलं की काकूंच्या मनाला कौल मिळायचा, तू धोकादायकच आहेस. त्यांना मी एकच काम दिलं: खिशात हात घालून दहा पावलं मागे राहायचं. आयुष्यातलं अवघड काम होतं, असं ते नंतर म्हणाले.

एकदा काकूंनीच विचारलं, राजाराम बंधाऱ्यावरून चालून येऊ का? मी नाही म्हटलं. भीती घालवायची म्हणजे धोका पत्करायचा असं नव्हे. धड कठडा नसलेल्या ठिकाणी, पाणी वाढलेलं असताना, शेवाळावर कुणीच जाऊ नये. तिथली भीती खरी आहे आणि ती राहू द्यावी.

मधे एक गोष्ट त्यांनी माझ्याशिवायच केली. सुनेला फोनवर सगळं सांगून टाकलं. मला धाकधूक होती. सून म्हणाली, “आई, बाळंतपणानंतर मला सुरी हातात घ्यायची भीती वाटायची. मी यांनाही सांगितलं नाही.”

ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. त्या रविवारी रात्री मला लांबलचक व्हॉइस मेसेज आला, अर्धा वाऱ्याच्या आवाजाने भरलेला. पूल लांबच लांब, लोक कुत्री घेऊन फिरालेत, खाली नदी एवढी रुंद की पंचगंगा तिच्यापुढं ओढा. बाबागाडी त्यांनीच ढकलली. मधोमध गेल्यावर पाणी ४२. विचार आला, नेहमीचाच. “आला म्हटलं, तेवढ्यात ह्यो रडाय लागला भुकेनं. मग बिस्कीट हुडकत बसले.” सगळा पूल झाला नाही, यजमानांचा गुडघा बोलला आणि सगळे माघारी फिरले. विचार अजून येतो, असंही त्यांनी सांगितलं. येणारच. त्याच्यासाठी पन्हाळा सोडायची आता गरज उरली नाही, एवढंच.

परत आल्यावर काकू भावकीतल्या एकीला घेऊन आल्या. “हिलापण माज्यागतच हुतंय, हिलापण पुलावर न्या.” बाई चाळिशीच्या. त्यांचंही वाक्य तेच होतं, पुलावरून जाताना उडी मारावीशी वाटते. मी तोच सरळ प्रश्न विचारला. त्या चिडल्या नाहीत. “बरं होईल सुटले तर,” म्हणाल्या, शांतपणे. रात्र-रात्र झोप नव्हती, जेवण सुटलं होतं, आणि कुठल्या पुलावरून, किती वाजता, हे त्यांचं ठरत आलं होतं. या विचाराने त्यांना घाम फुटत नव्हता, दिलासा वाटत होता. त्यांना पुलावर न्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांना एकटं न सोडता नवऱ्याला बोलावून घेतलं, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवायला सांगितली आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधं सुरू झाली. आता त्या तिथेच उपचार घेतात, अधूनमधून माझ्याकडेही येतात.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं दुखणं या दुसऱ्या बाईंसारखं असेल, तर माझ्यासारखीची वेळ मिळण्याची वाट बघू नका. घरच्या एकाला सांगा, आणि सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. दुखणं काकूंसारखं असेल, तर पुढच्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालताना कठड्याजवळची दोरी टाळू नका.