सख्खे वडील, वडिलोपार्जित घर आणि 'वारसदार'

प्रश्न विचारणारे गृहस्थ लहानपणी मावशीला दत्तक गेले. पुढे जन्मदात्या वडिलांशी बोलणंच सुटलं. आता ते वडील वारले आणि स्वतः कमावून बांधलेलं घर मृत्युपत्राने या मुलाला देऊन गेले. अर्जासाठी यांनी वाक्य केलं आहे: 'मी दत्तक पुत्र असून माझ्या सख्ख्या वडिलांच्या वडिलोपार्जित घराचा वारसदार आहे.' हे बरोबर आहे का, आणि संबंध तुटलेल्या वडिलांसाठी एखादा नेमका शब्द आहे का, असं ते विचारतात.

वाक्य कानाला अस्सल मराठी लागतं. अर्जात मात्र त्यातला एकेक शब्द अडवेल.

आधी 'दत्तक'. दत्त म्हणजे दिलेला, तेव्हा दत्तक मूलच असू शकतं. 'दत्तक आई' म्हणजे खरं तर कुणीतरी देऊन टाकलेली आई! पण ते आता रूढ झालंय, त्यावर मी भांडत नाही. भांडायचं ते दुसऱ्याच गोष्टीवर. मावशीने वाढवलं, शाळेत तिचं नाव लावलं, की आपण सर्रास 'दत्तक घेतलं' म्हणतो. दत्तविधान झालं असेल, म्हणजे आईवडिलांनी मूल खरोखर दिलं आणि मावशीने घेतलं असेल, तरच ते दत्तक. नाहीतर तो सांभाळ. सांभाळलेला मुलगा जन्मदात्याचा वारस राहतो, दत्तक गेलेला राहत नाही. त्यामुळे हा शब्द लिहिण्याआधी घरातल्या जुन्या माणसांना विचारून घ्या.

'सख्खे' मी काढून टाकीन. सख्खा हा शब्द एकटा राहत नाही, त्याला समोर सावत्र, चुलत नाहीतर मावस लागतो. तुम्ही 'सख्खे वडील' लिहिलंत की ज्यांनी वाढवलं ते आपोआप दुय्यम ठरतात, आणि कायद्याने तर आता तेच तुमचे वडील आहेत. कागदपत्रांतला जुना शब्द 'जनक'. जनक पिता, जनक कुटुंब. आज 'जनक' म्हटलं की एखाद्या शास्त्राचे जनक आठवतात हे खरं, म्हणून 'जन्मदाते वडील' लिहिलंत तरी चालेल. 'वडील' शब्दाला स्वतःला काहीच अडचण नाही. त्याचा मूळ अर्थ फक्त 'मोठे' असा. 'वडीलधारी', 'वडील बंधू' यांत तो अजून जिवंत आहे. एका माणसाला दोन वडील असायला भाषेची ना नाही.

खरा घोटाळा 'वडिलोपार्जित'मध्ये आहे. मराठी 'वडील' आणि संस्कृत 'उपार्जित' यांचा हा संधी शुद्धिवाद्यांना खुपतो, मला आवडतो. तुम्ही तो शब्दशः घेतलात: वडिलांनी मिळवलेलं. पण इथले वडील म्हणजे पूर्वज. वडिलोपार्जित म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. वडिलांनी स्वतः कमावलेलं ते स्वकष्टार्जित, आणि ते मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येतं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत त्यांना फक्त आपल्या हिश्शाबद्दल लिहिता येतं. म्हणजे या एका शब्दाने तुम्ही स्वतःच्याच हाताने बाकीच्यांना हरकतीची सोय करून देताय.

आता 'वारसदार'. मुळात अरबी वारिस. मिरास, विरासत हे शब्दही त्याच धातूचे. 'वारस' पुरतो, 'दार' जास्तीचं आहे, पण तो दोष किरकोळ. मोठा प्रश्न हा की तुम्ही वारस आहात का? मनुस्मृतीत (९.१४२) 'गोत्ररिक्थे जनयितुर्न हरेद्दत्त्रिमः क्वचित्' असं आहे: दत्तक गेलेल्याने जनकाचं गोत्र आणि रिक्थ कधीही घेऊ नये. रिक्थ म्हणजे मागे राहिलेलं धन. रिच् या धातूपासून तो आला, आणि रिक्त, रिकामा हेही तिथलेच. त्याच श्लोकात पुढे देणाऱ्या बापालाही त्या मुलाचं श्राद्ध मिळणार नाही असं सांगितलंय, म्हणजे तोडलं ते दोन्हीकडून. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचं कलम १२ याच वळणाचं आहे. फक्त दत्तकाआधीच मुलाच्या मालकीची झालेली मिळकत त्याची त्याच्याकडे राहते. गंमत अशी की 'वारस' शब्द ज्या कायद्याच्या परिभाषेतून आपल्याकडे आला, त्या इस्लामी वारसाहक्कात दत्तकामुळे रक्ताचा वारसा तुटतच नाही.

म्हणून तुम्ही वारस नाही. पण मृत्युपत्राला तुम्ही वारस असण्याची गरजही नाही. ते शेजाऱ्याच्या नावेही करता येतं. तुम्ही 'मृत्युपत्रान्वये लाभार्थी'. कोरडा शब्द आहे, मान्य. मला तर उलट वाटतं, वारसाला मिळतं ते नात्याच्या नियमाने, तुम्हाला मिळालं ते त्यांनी बसून तुमचं नाव लिहिलं म्हणून.

राहिला संबंध तुटल्याचा शब्द. 'विभक्त वडील' असं अलीकडे वाचायला मिळतं, ते टाळा. विभक्त म्हणजे वाटणी होऊन वेगळे झालेले, आणि मिळकतीच्या अर्जात त्याचा तोच अर्थ घेतला जाईल. 'दुरावलेले' चालेल, पण ते जरा कथेतलं वाटतं. मराठी इथे विशेषण शोधत बसत नाही, क्रियापदाने सांगते: आमचं जाणं-येणं नव्हतं, बोलणं तुटलं होतं. अर्जात यातलं काहीच लागत नाही.

तर वाक्य असं करा: 'मी दत्तक गेलेलो असून, माझ्या जन्मदात्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घराचा त्यांच्या मृत्युपत्रान्वये लाभार्थी आहे.' दत्तक घेणाऱ्या आईवडिलांची नावं 'दत्तक'च्या आधी घाला. ती तुमच्या मूळ वाक्यात नव्हतीच.