वाचकांचे प्रश्न : नोट्स दिसतात, पण वाचता येत नाहीत

प्रश्न : अर्थशास्त्राच्या मराठी नोट्स अप्पा बळवंत चौकात टाइप करून घेतल्या आणि पीडीएफ करून कॉलेजच्या मूडल या ऑनलाइन अभ्यासाच्या संकेतस्थळावर टाकल्या. वर्गातला दृष्टिहीन विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, संगणक नुसती इंग्रजी अक्षरं बडबडतो." मला तर मजकूर स्वच्छ मराठीत दिसतो. त्याचं सॉफ्टवेअर बिघडलं असेल का? (एक प्राध्यापिका, कोथरूड)

उत्तर : सॉफ्टवेअर ठीक आहे, दोष फाइलमध्ये आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर नोट्स कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची संगणकाची प्रमाण अक्षरसंहिता) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या आहेत. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो, फॉन्ट त्याला फक्त देवनागरीचं रूप देतो. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते रूप बघत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. म्हणून नुसता फॉन्ट बदलून मंगल हा युनिकोड फॉन्ट केला तरी काही सुधारत नाही.

टाइप करणाऱ्याकडून मूळ फाइल आणि फॉन्टचं नेमकं नाव मागून घ्या. प्रत्येक फॉन्टची अक्षरजुळणी वेगळी असल्याने त्याच फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लागतो. रूपांतर झाल्यावर दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. जोडाक्षरात कन्व्हर्टर इथेच चुकतो आणि 'स्थिती'चं 'सि्थती' होतं. रफाराचं उलट आहे : जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी हवा. अधूनमधून आलेले खरे इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर मराठी समजून बदलून टाकतो. ते हातानेच दुरुस्त करावे लागतात.

मग वर्डमध्ये मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज इथे भाषा मराठी करा, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. शीर्षकं ठळक आणि मोठी करून भागत नाही, त्यांना 'हेडिंग 1', 'हेडिंग 2' अशा स्टाइल द्या. एनव्हीडीएमध्ये एच दाबत विद्यार्थी शीर्षकावरून शीर्षकावर जातो. स्टाइल नसतील तर ऐंशी पानांतून 'मागणीची लवचीकता' शोधायला त्याला सगळं ऐकत बसावं लागतं. मागणी वक्राच्या चित्राला ऑल्ट टेक्स्टमध्ये (स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचतो त्या वर्णनात) 'आलेख' एवढंच लिहू नका. 'किंमत वाढते तशी मागणी घटते, वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो' असं लिहा आणि आकडे खाली साध्या तक्त्यात द्या. तक्त्यातले रकाने एकत्र जोडू नका.

वर्डच्या 'चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी' या तपासणीच्या साधनावर मात्र विसंबू नका. ऑल्ट टेक्स्ट राहिलं तर ते सांगतं, जुन्या फॉन्टची गफलत त्याला कळत नाही. पीडीएफ करायचीच असेल तर 'प्रिंट टू पीडीएफ' वापरू नका, त्यात शीर्षकांची रचना नाहीशी होते. 'सेव्ह अ‍ॅज'मधून पीडीएफ निवडून ऑप्शन्समध्ये स्ट्रक्चर टॅग्जची खूण ठेवा. देवनागरीची जोडाक्षरं पीडीएफमध्ये तरीही तुटू शकतात, म्हणून सोबत वर्ड फाइल द्याच. आमच्या मते पहिली प्रत तीच असावी.

प्रश्न : संदर्भपुस्तकाची फक्त छापील प्रत आहे. ती स्कॅन करून अंध विद्यार्थिनीला दिली तर कॉपीराइटची अडचण येईल का? (ग्रंथपाल, हडपसर)

उत्तर : छापील पुस्तक जिला वाचता येत नाही तिच्या अभ्यासासाठी सुलभ प्रत करायला कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. त्यातून नफा कमवायचा नाही आणि दिव्यांग नसलेल्यांत प्रत वाटायची नाही. नुसतं स्कॅन हे मात्र चित्रच असतं, स्क्रीन रीडरला त्यात वाचायला काही मिळत नाही. 300 डीपीआय इतक्या स्पष्टतेला पान सपाट दाबून स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर वेगळा होऊन येतो. घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल होते, बांधणीजवळचे शब्द तुटतात. म्हणून एकाने छापील पान मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने मजकूर ताडावा.

प्रश्न : व्याख्यानांच्या व्हिडिओंना मराठी सबटायटल दिली, पण फाइल चढवल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. (एक शिक्षक, भोसरी)

उत्तर : सबटायटलची एसआरटी फाइल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह झाली आहे, त्यात देवनागरी टिकत नाही आणि गेलेली अक्षरं परत येत नाहीत. मूळ मजकूर पुन्हा घ्या आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा. एका वेळी दोनच ओळी ठेवा, स्लाइडचा खालचा पाचवा भाग रिकामा सोडा. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बऱ्याच मुलांची पहिली भाषा खुणांची असते, मराठी त्यांना दुसरी. म्हणून नव्या संज्ञांची यादी अर्थासह आधीच द्या. आणि बोलताना 'हे इकडून तिकडे नेलं' म्हणू नका, 'डावीकडचं पद उजवीकडे नेलं' म्हणा. त्याच व्हिडिओचा दृष्टिहीन मुलांनाही उपयोग होतो.

प्रश्न : ऑनलाइन चाचणीत जादा वेळ किती द्यायचा? (परीक्षा विभाग, शिवाजीनगर)

उत्तर : केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्यांना तासाला किमान 20 मिनिटं जादा सांगितली आहेत. तोच हिशोब लावा : अर्ध्या तासाच्या चाचणीला 10 मिनिटं. मूडलमध्ये त्या चाचणीच्या 'यूजर ओव्हरराइड्स'मध्ये विद्यार्थ्याचं नाव निवडून वेळ वाढवा. चाचणी बंद होण्याची वेळही तिथेच पुढे न्या, नाहीतर वाढवलेली मिनिटं पुरी होण्याआधीच ती बंद होते. चाचणी खुली करण्यापूर्वी माउस काढून ठेवा आणि टॅब, बाण, स्पेस, एंटर एवढ्यांवर ती स्वतः पूर्ण सोडवून पाहा. जो प्रश्न अडेल, विशेषतः ओढून जोड्या लावायचा, तो बहुपर्यायी करा.