शेजारची अडगळ

प्रश्न : शेजारच्या एकट्या काकूंनी खताची रिकामी पोती आणि फुटके माठ ओसरीभर रचले आहेत. पावसाळ्यात तिथून साप निघतात. ट्रॉली लावून सारे उचलून न्यावे काय? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सरपणाच्या पऱ्हाट्या तर आपल्याकडे घरोघरी असतात, त्याला कोणी आजार म्हणू नये, परंतु चुलीपुढे बसायला जागा उरली नसेल आणि फुटका माठ टाकतानाही काकूंचा जीव कासावीस होत असेल, तर तो संचयविकार असू शकतो, ज्याला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र विकार मानले. बळजबरीने उचलल्यास विश्वास तुटतो आणि ओसरी बहुधा पुन्हा भरते. त्यांना विचारून आधी भिंतीलगतची पोती हलवा, सापाची भीती त्यांनाही असेलच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.