अकारविल्हे रागओळख: अक्षरं अडतात तिथे काय करायचं

प्रश्न असा दिसतोय: सात-आठ जण शनिवारी व्हिडिओ कॉलवर जमता, अ पासून ह पर्यंत दर अक्षराला एक राग ओळखता, आणि ट-ठ-ण आलं की गाडी रुतते. शिवाय वसंत राग व चा की ब चा, यावर दहा मिनिटं जातात.

आधी अक्षरांचा तक्ता दुरुस्त करा. ङ, ञ, ण, ळ, क्ष, ज्ञ सरळ काढून टाका. ट-ठ-ड-ढ यांचं एकच घर करा. ब आणि व यांचंही एकच घर, कारण बसंत-वसंत, बिभास-विभास, बृंदावनी-वृंदावनी हा वाद कधीच मिटणार नाही. श-ष एकत्र. स्वरांची पाच घरं पुरतात: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. मोजून ३० घरं होतात. दर घराला दीड मिनिट धरलं तर पाऊण तासात डाव संपतो.

तरीही फक्त रागांवर ३० घरं भरत नाहीत. म्हणून ताल, वादक-गायक आणि परिभाषा यांना दार उघडा. थ ला थाट (रागांच्या वर्गीकरणाची स्वरचौकट) किंवा तबलावादक थिरकवाँ, फ ला फरोदस्त ताल किंवा गायक फय्याज खाँ, घ ला घसीट (तारेवर स्वर ओढत नेणं), उ ला उठान (तबल्यातली सुरुवातीची रचना), इ ला सतारीचं इटावा घराणे, ट-वर्गाला टप्पा, ठुमरी हे गायनप्रकार किंवा ध्रुपद गाणारे डागर. व्यक्तींचं आडनाव धरायचं की नाव, हे डाव सुरू होण्याआधी ठरवा. ओंकारनाथ ठाकूर ओ मध्येही बसतात आणि ट-वर्गातही. दोन्ही चालू ठेवलंत तर भांडण ठरलेलं.

पर्यायी नावांची यादी सगळ्यांना आधीच पाठवा: यमन-इमन, शहाणा-सहाना, नंद-आनंदी कल्याण, आणि नुसती ‘तोडी’ म्हणजे मियाँ की तोडी. जोडनावाचं पहिलं अक्षर धरायचं, म्हणजे गुर्जरी तोडी ग मध्ये. मालकंस की मालकौंस याची चिंता नको, अक्षर तेच राहतं.

आता खरी मेख प्रश्नात आहे. ‘क: १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली भैरवी कोणाची?’ हा प्रश्न ऐकायला छान, पण केसरबाई केरकर हे उत्तर फोनवर पाच सेकंदांत सापडतं. अक्षर पुसलं तर उत्तर ठरू नये, असा प्रश्न हवा. मारवा, पूरिया आणि सोहनी घ्या: तिघांत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य म्हणजे लागतच नाही. एवढेच स्वर सांगितले आणि घर म चं असलं तर मारवा, प चं असलं तर पूरिया, स चं असलं तर सोहनी. भूप-देसकारचंही तसंच: दोघांत सा रे ग प ध, पण भ आणि द पुरेसे बोलतात. ज्यांना घर कळूनही सुचत नाही, त्यांच्यासाठी दुसरी सूचना चलनाची, म्हणजे राग कसा फिरतो याची ठेवा: सोहनी तार (वरच्या) सप्तकात रमते, पूरिया मंद्राकडे (खालच्या सप्तकाकडे) झुकतो, देसकारचा वादी म्हणजे मुख्य स्वर धैवत, भूपाचा गंधार.

दीड मिनिटाची विभागणी अशी: स्वरांची सूचना ३० सेकंद, बरोबर आलं तर १० गुण. मग चलनाची ३० सेकंद, ७ गुण. मग ध्वनिफितीचा २० सेकंदांचा तुकडा, ४ गुण. उरलेले १० सेकंद निकालाला. चुकीला उणे २, नाहीतर चार जण नावांचा मारा सुरू करतात. तुकडा आलापाच्या सुरुवातीचा घेऊ नका, नुसता षड्ज भरण्यातच २० सेकंद जातात. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतात तिथून लावा.

उत्तर तोंडी घेतलंत तर ज्याचं नेट मंद तो कायम मागे. सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये टंकून ठेवायचं आणि सूत्रधार ‘सम’ म्हणाला की पाठवायचं. वेगाची शर्यतच उरत नाही.

तुकडा ऐकवताना तानपुरा गायब होतो ही तक्रार हमखास येते. दोष नेटचा नसतो. कॉलचं सॉफ्टवेअर सलग, न बदलणारा आवाज पंख्यासारखा गोंगाट समजून दाबतं, आणि तानपुरा नेमका तसाच वाजतो. गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा, झूम असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, आणि फोन माइकसमोर धरण्यापेक्षा संगणकाचाच आवाज शेअर करा.

वादी-संवादीसाठी (रागाचे पहिले दोन महत्त्वाचे स्वर) एकच परंपरा धरा, संगीतशास्त्रकार भातखंड्यांची सोयीची. बिभास मात्र प्रश्नात घालूच नका: भैरव थाटाचा वेगळा, मारवा थाटाचा वेगळा, दोन्ही गाणारे तुमच्याच गटात निघतील.

गटात कर्नाटक संगीतवाले असतील तर ह च्या घरी जपून. त्यांचा हिंदोळम म्हणजे आपला मालकंस; आपल्या हिंडोलात मध्यम तीव्र आणि ग, ध, नी शुद्ध. दोन्ही पद्धती चालणार असतील तर प्रश्नाआधी ‘हिंदुस्थानी’ किंवा ‘कर्नाटक’ एवढं सांगा. त्यांच्या ७२ मेळांच्या (रागांच्या मूळ स्वरसंचांच्या) नावांत तर क्रमांकच दडलेला असतो, कारण त्यांच्या कटपयादि पद्धतीत अक्षरांना आकडे ठरलेले असतात. पहिल्या दोन अक्षरांचे आकडे उलटे वाचायचे: मायामालवगौळमध्ये मा म्हणजे ५, या म्हणजे १, म्हणून १५ वा मेळ. म च्या घरासाठी हा प्रश्न आयता तयार आहे.